डाळिंबी पाय

लंडनला जानेवारीत चार वाजले की दिवेलागणीची वेळ होते. काळे कोट, करडे मफलर, तपकिरी बूट, आणि भुयारी रेल्वेच्या सरकत्या जिन्यावर मान खाली घालून उभी असलेली माणसं. त्या रांगेत मध्येच कुणाचे तरी पाय डाळिंबी असतात. वर साधा गर्द निळा लोकरी स्कर्ट, खाली डाळिंबी टाइट्स, पायात काळे बूट. माझी नजर तिथे जाते ती जातेच. त्या बाईनं सकाळी अंधारात उठून, कपाट उघडून हा रंग निवडलेला असतो. तेवढ्यानं मला बरं वाटतं.

विसाव्या शतकातले पाश्चात्त्य बायकांचे मोजे दशकादशकानं बघत गेलं, तर त्यांत दोन ओढी दिसतात. एक मोजा म्हणतो, मी नाहीच, हा नुसता पाय आहे. दुसरा म्हणतो, मी आहे, बघा माझ्याकडे. माझा जीव दुसऱ्यावर. पण शतकातला बराचसा काळ राज्य पहिल्याचं होतं.

पहिल्या महायुद्धाआधी घोळ घोट्यापर्यंत असायचा आणि मोजे बहुधा काळे, सुती नाहीतर लोकरी. मग स्कर्ट वर सरकत सरकत १९२६-२७च्या सुमाराला गुडघ्याशी आला आणि इतका काळ झाकलेली पोटरी उजेडात आली. त्याबरोबर काळा मोजा मागे पडला आणि बदामी, मोतिया, फिकट गव्हाळ छटा आल्या. जिला परवडेल तिला रेशीम, बाकीच्यांना रेयॉन. रेयॉन चकाकायचं, आणि चकाकलं की स्वस्ताचा माल लगेच ओळखू यायचा. म्हणून मुली त्यावर पावडर थापून चमक मारायच्या. घातलंय ते दिसू नये म्हणून केवढा खटाटोप!

पोर्टोबेलो रोडवर शुक्रवारी जुन्या कपड्यांचा बाजार भरतो. तिथे पातळ खोक्यात, कागदात गुंडाळून ठेवलेले पन्नाशीच्या दशकातले नायलॉनचे मोजे मिळतात. हातात घेण्याआधी अंगठी काढून ठेवावी लागते. खडा अडकून एक टाका सुटला, की वरपासून टाचेपर्यंत रेघ धावते. हे मोजे सपाट विणलेले असतात. पोटरीशी रुंद, घोट्याशी अरुंद, असा आकार यंत्रावरच टाके कमी करत करत द्यायचा आणि मग कडा जोडून मागून शिवायच्या. ती प्रसिद्ध सरळ शिवण आली ती अशी, गरजेपोटी. मोजा उजेडात धरला, की शिवणीच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपक्यांच्या ओळी दिसतात. जिथे टाका कमी केला, तिथे ठिपका. वरच्या दुहेरी पट्टीत, शिवण संपते तिथे, बोटाचं टोक जाईल एवढं भोक राखलेलं असतं. हा आकार कसा घडवला, ते सगळं त्या ठिपक्यांत वाचता येतं. मला ते फार आवडतं.

या विद्येचा अभिमान जुना आहे. विल्यम ली या नॉटिंगहॅमशरच्या माणसानं १५८९ मध्ये मोजे विणायची चौकट तयार केली. १८११ मध्ये त्याच मुलखातल्या विणकरांनी मालकांच्या चौकटी फोडायला सुरुवात केली. लडाइट म्हणून त्यांना यंत्राचे वैरी ठरवलं गेलं, पण ते स्वतः यंत्रावरच काम करणारे लोक होते. मजुरी घटत होती हे एक दुखणं. दुसरं दुखणं मालाचं. रुंद कापड विणायचं, ते कापायचं, शिवायचं आणि मोजा म्हणून विकायचं, असा धंदा सुरू झाला होता. तसला मोजा लवकर उसवायचा आणि नाव खराब व्हायचं ते सगळ्याच विणकरांचं. चौकट फोडणाऱ्याला देहदंड देणारं विधेयक आलं, तेव्हा कवी बायरननं २७ फेब्रुवारी १८१२ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्‌समधलं आपलं पहिलं भाषण त्याच्या विरोधात केलं. जुन्या मोज्याची शिवण चाचपताना ही माणसं मला आठवतात.

नायलॉन त्यानंतर सव्वाशे वर्षांनी आलं. अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्सच्या गटानं ते १९३५ मध्ये तयार केलं. मोजे दुकानात येईपर्यंत कॅरोथर्स या जगात राहिला नव्हता. १५ मे १९४० रोजी अमेरिकाभर विक्री सुरू झाली आणि बायका तुटून पडल्या. रेशमाहून टिकाऊ, धुवायला सोपं आणि अंगावर जाणवणारही नाही इतकं तलम. मोज्याचा पातळपणा डेनियरमध्ये मोजतात. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. १५ डेनियर म्हणजे नऊ किलोमीटर धागा आणि वजन अवघं पंधरा ग्रॅम! पुढे युद्धात अमेरिका उतरली आणि १९४२ पासून सगळं नायलॉन पॅराशूट, दोर आणि टायरांकडे वळलं. ब्रिटनमध्ये बायका पायांना चहाचं पाणी किंवा रश्श्याला रंग देणारी तपकिरी पूड लावायच्या आणि मैत्रीण मैत्रिणीच्या पोटरीवर भुवयांच्या पेन्सिलीनं शिवणीची रेघ ओढायची. मोजा नव्हता, पण रेघ हवी होती. नुसता पायही आता तसाच उघडा चालेनासा झाला होता. युद्ध संपल्यावर मोजे परत आले, तेव्हा दुकानांपुढे झुंबड उडाली. १९४६ मध्ये पिट्सबर्गला तेरा हजार जोड्यांसाठी चाळीस हजार माणसं रांगेत होती.

पुढे गोल विणणाऱ्या यंत्रांनी बिनशिवणीचे मोजे स्वस्त केले. तरी काही कंपन्या त्यावर मागून खोटी शिवण घालत राहिल्या, कारण नजरेला तिची सवय झाली होती.

आणि मग साठीचं दशक. मेरी क्वांटचं ‘बझार’ हे दुकान लंडनच्या किंग्ज रोडवर १९५५ पासून होतं. मिनीस्कर्टचा शोध कुणी लावला यावर पॅरिसचा डिझायनर कुरेज आणि लंडनची क्वांट यांचे चाहते अजून भांडतात. क्वांट स्वतः मात्र श्रेय किंग्ज रोडवरच्या मुलींना द्यायची. स्कर्ट मांडीपर्यंत चढला, की जुन्या मोज्यांची वरची पट्टी आणि त्यांना धरून ठेवणारे पट्टे उघडे पडतात. मोजे आणि चड्डी एकत्र विणलेल्या टाइट्सची तेव्हा चैन नाही, गरज झाली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. क्वांटनं त्या टाइट्स त्वचेच्या रंगाच्या ठेवल्या नाहीत. पाच पाकळ्यांच्या डेझीची खूण लावून तिनं जांभळ्या, आमसुली, हळदीच्या पिवळ्या अशा टाइट्स विकल्या, वरच्या फ्रॉकशी जुळणाऱ्या. पाय अख्खा रंगला. त्यात उघडं काही नव्हतं आणि लपवाछपवीही नव्हती. लहान मुलीसारखं धावत बस पकडता यावी असे कपडे तिला हवे होते, आणि ते तिनं मोठ्या बायकांना मिळवून दिले. २०१९ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं.

सत्तरीत पँट आली आणि पाय पुन्हा झाकले गेले. पंक मुलींनी तेवढे जाळीचे मोजे मुद्दाम फाडून घातले. ऐंशीत नृत्यशाळेतले लोकरी लेग वॉर्मर रस्त्यावर आले, काळ्या जाड टाइट्स कचेऱ्यांत गेल्या. काळा रंग टिकला तो आजतागायत.

पुण्याहून लंडनला येऊन नोकरीला लागले, तेव्हा मी पहिल्यांदा टाइट्स घेतल्या त्या ‘नॅचरल’ असं लिहिलेल्या. माझ्या सावळ्या पायांवर तो रंग राखाडी दिसायचा, गुडघ्याशी ताणला की पिठाळ. पुण्याच्या दुकानांतसुद्धा स्किन कलर म्हणून हीच गुलाबी-बदामी छटा पुढे येते, घेणाऱ्या बाईची त्वचा कुठलीही असो. लंडनच्या अ‍ॅडे हसन यांनी २०१४ मध्ये ‘न्यूबियन स्किन’ सुरू करून गडद छटांचे मोजे आणले, पण शतकातली बहुतेक वर्षं ‘पाय नुसता आहे’ म्हणणाऱ्या मोज्यानं आमच्या पायांचा विचारच केला नव्हता. आणि हे मोजे-बनियन विणणाऱ्या इंग्लंडच्या कारखान्यांत तर आपल्याकडची माणसं होती! १९७२ मध्ये लफबरोच्या मॅन्सफील्ड होजिअरी कारखान्यात दक्षिण आशियाई कामगारांनी, त्यात बायकाही होत्या, संप केला. विणकामाच्या जास्त पगाराच्या जागा गोऱ्यांसाठीच राखलेल्या होत्या, त्याविरुद्ध तो होता. बदामी मोजा हातात आला, की मला हेही आठवतं.

म्हणून मी रंगांकडे वळले, आणि तिथे आपल्याकडची नजर उपयोगी पडली. पायांचा रंग म्हणजे साडीचा काठ. तो अंगाशी जुळला पाहिजे असं नाही, त्यानं अंगाला आवरलं पाहिजे. हिरव्या साडीला लाल काठ लावणाऱ्यांना शेवाळी स्कर्टखाली कुसुंबी टाइट्स घालायला भीती कसली? विटकरी ड्रेसखाली मोरपंखी, राखाडी लोकरीखाली हळदी, निळ्या डेनिमखाली अंजिरी. साठीच्या दशकातला बिनबाह्यांचा सरळ फ्रॉक मिळाला तर आत पोलोनेक सदरा आणि पाय त्याच सदऱ्याच्या रंगाचे. बूट टाइट्सच्याच रंगाचे असले तर पाय लांब दिसतात. रंग तुटायलाच हवा असेल तर बूट काळे. मात्र वर छापील कापड असेल, तर त्यातला सगळ्यांत कमी दिसणारा रंग उचलून पायांना द्यावा. सगळ्यांत जास्त दिसणारा उचलला, की गणवेश होतो.

सावळ्या पायांसाठी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. २० डेनियरच्या पिवळ्या टाइट्स आपल्या पायावर मळक्या दिसतात, कारण आतून त्वचा झळकते. पिवळा, पोपटी, अबोली घ्यायचा तर ६०च्या वर जावं, ८० उत्तम. डाळिंबी, जांभळा, मोरपंखी मात्र ४०लाही खुलतात, उलट आतल्या त्वचेनं त्यांना खोली येते. धुताना गार पाणी, पिळायचं नाही, लोंबत वाळवायचं नाही.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला थंडी असते. बायका साडीखाली काळ्या टाइट्स घालून येतात, ऊब मिळते आणि कुणाला दिसत नाही. मुली खणाचे फ्रॉक घालतात, आणि त्यांच्या आया त्यांनाही काळ्याच घालतात. खणात एवढे रंग असताना! आमसुली खणाला पिवळा द्या, निळ्याला राणी द्या. जांभळ्या खणाला तर काळा नकोच; तिथे पोपटी हवा, चांगला जाड, ८० डेनियरचा.