कर्नलाचे उच्छ्वास

पुण्यांत मतांना कधींच तोटा नव्हता. नळाला पाणी कां आलें नाहीं येथपासून नाट्यसंगीताला उतरती कळा कां लागली येथपर्यंत प्रत्येक प्रश्नावर ज्याचें त्याचें मत तयार असतें, आणि तें बहुधा पाहणीच्या आधींच तयार झालेलें असतें. गणकयंत्रांच्या धंद्यांत बरींच वर्षें काढल्यावर आमची अशी खात्री झाली आहे कीं, 'यंत्र मंद कां चालतें?' या प्रश्नाइतकीं पाहणीवांचून दिलेलीं उत्तरें दुसऱ्या कोणत्याही प्रश्नास मिळत नसतील.

या बाबतींत पेशवाईंतले पाथरवट आमच्याहून शहाणे होते. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत कात्रजच्या तलावापासून शहरांत पाणी आणणारा जो भुयारी नळ बांधला गेला, तो त्यांनीं नुसता झांकून टाकला नाहीं; वाटेंत जागोजाग उच्छ्वास ठेवले. त्यांतून हवा खेळे, गाळ काढतां येई, आणि पाणी कोठवर पोंचलें हें वर उभें राहून कळे. नळ फोडून पाहण्याची गरज नसे.

लिनक्सच्या कर्नलांत, म्हणजे यंत्राचा सर्व कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलींत, असेच उच्छ्वास आहेत. त्यांस ट्रेसपॉइंट म्हणतात. २००४ साली कर्नलांत केप्रोब्स आले, तेव्हां जवळजवळ हव्या त्या ठिकाणीं भोंक पाडून पाहण्याची सोय झाली. पण कर्नलाची आंतली रचना बदलली कीं तें भोंक भलत्याच भिंतीला पडे. माँट्रियालच्या मॅथ्यू देनॉयर्स यांनीं केलेले ट्रेसपॉइंट २००८ च्या अखेरीस २.६.२८ या आवृत्तींत आले, व पुढल्याच वर्षीं स्टीव्हन रोस्टेड यांनीं ते लिहिण्याची सोपी रीत घालून दिली. हे बांधकामाच्या वेळींच ठेवलेले, नांव दिलेले झरोके होत. बंद असतांना त्या जागीं 'कांहीं करूं नको' एवढीच सूचना असते, म्हणून खर्च नगण्य. उघडला कीं ती सूचना बदलून तेथून नोंद करणाऱ्या कामाकडे वाट निघते.

याचा उपयोग किती, हें आमच्या परिचयाच्या एका ग्रंथसंग्रहालयांत दिसून आलें. तेथें सूचींत ग्रंथ शोधूं लागलें कीं सकाळीं दहानंतर चाळीस-चाळीस सेकंद खोळंबा होई. मंडळींत दोन पक्ष पडले. एकाचें म्हणणें नवें यंत्र घ्यावें. दुसऱ्याचें म्हणणें, ज्या मुलीनें आज्ञावली लिहिली तिलाच तें काम येत नाहीं. तिच्या नेमणुकीची मुदत महिनाअखेरीस संपत होती, व ती वाढवूं नये असें उघड बोललें जात होतें. बिचारीनें आपली नोंदवही पुढें केली. पण तींत 'प्रश्न आला' आणि 'उत्तर दिलें' एवढ्याच दोन वेळा. मधला सगळा अंधार.

आम्हीं प्रथम शेड-स्विच हा ट्रेसपॉइंट उघडला. प्रोसेसरावरून कोण उतरलें, कोण चढलें, आणि उतरणारा कोणत्या अवस्थेंत उतरला, हें तो सांगतो. चाळीस सेकंदांपैकीं तिची आज्ञावली प्रोसेसरावर एक सेकंदही नव्हती. बाकी सारा वेळ डिस्कची वाट पाहत निजलेली. मग डिस्ककडे मागणी गेली तेव्हांचा व ती पुरी झाली तेव्हांचा, असे ब्लॉक-आरक्यू-इश्यू व ब्लॉक-आरक्यू-कंप्लीट हे दोन झरोके उघडले. पहिल्यांत मागणी करणाऱ्याचें नांवही उमटतें. ओळीमागून ओळ एकच नांव : जुन्या ग्रंथांच्या छायाप्रतींची नक्कल करणारी आज्ञावली! रात्रीं व्हावयाचें तें काम कोणा पूर्वीच्या कंत्राटदारानें क्रॉनच्या कोष्टकांत २२ ऐवजीं १० लिहून सकाळीं आणून ठेवलें होतें. आंकडा बदलला, खोळंबा गेला, मुदत वाढली. "आम्हांला वाटलेंच होतें" असें दोन्ही पक्षांनीं म्हटलें. त्या मुलीनें मात्र त्या ओळींची एक छापील प्रत मागून घेतली.

पुढें तिनें हीच पाहणी आज्ञावलींतच घातली. प्रत्येक ट्रेसपॉइंटाला एक क्रमांक असतो. तो कर्नलाच्या आयडी नांवाच्या फाइलींतून वाचून परफ-इव्हेंट-ओपन या हांकेला दिला, कीं तो प्रसंग किती वेळां घडला तें मोजून मिळतें. त्यासाठीं अधिकार मात्र लागतो, व लागावाही. दुसऱ्याच्या घरांत डोकावण्याची सोय सर्वांस मोकळी असूं नये. शिवाय उघडा झरोका फुकट नसतो. शेड-स्विचसारखा प्रसंग गजबजलेल्या यंत्रांत सेकंदाला हजारों वेळां घडतो. वाचणारा मागें पडला तर नोंदी हातच्या जातात, आणि मोजणीचाच भार मोजल्या जाणाऱ्या कामावर पडतो. २०१६ पासून बीपीएफ जातीच्या छोट्या आज्ञावली ट्रेसपॉइंटाला जोडतां येऊं लागल्या. त्या आंतल्या आंत बेरीज करून केवळ सार बाहेर देतात. आमच्या मतें हीच रीत अधिक सभ्य.

कर्नलकारांना मात्र या झरोक्यांचें एक ओझें वाटतें. ते लोकांच्या नजरेस पडले कीं लोक त्यांवर विसंबतात. २०११ च्या सुमारास एका जुन्या कुलुपाची नोंद निरुपयोगी झाली म्हणून काढली, तों विजेचा खर्च दाखवणारें पॉवरटॉप बंद पडलें, कारण तें नोंदींतील जागा मोजून वाचत असे. तेव्हां प्रत्येक नोंदींत चार बाइटांची रिकामी जागा परत ठेवावी लागली. आंत कांहीं नव्हतें, पण तेव्हां ती हलवतां येत नव्हती.