इच्छापोरच्या ठिणग्या

सुरत शहर मागे टाकून हजिऱ्याच्या हमरस्त्याला लागले, की वाटेत इच्छापोर येते. तापीच्या उत्तर तीरावरचा हा प्रदेश आता उद्योगांनी भरून गेला आहे. येथे हिरे व दागिने यांचे संकुल आहे, लहानमोठ्या कारखान्यांची वसाहत आहे; पुढे हजिऱ्यास पोलादाचा अवाढव्य कारखाना व बंदर आहे. दिवेलागणीस ह्या वाटेने जाताना लोखंड कापणाऱ्या कारागिरांच्या हातून उडणारा ठिणग्यांचा सडा आम्ही पाहिला, आणि पाहतच राहिलो.

ठिणगी म्हणजे केवळ तापलेला कण नव्हे. लोखंडाचा तो सूक्ष्म कण हवेतील प्राणवायूशी संयोग पावून खरोखरच जळत असतो. दिवाळीच्या फुलबाजीतही धातूची पूडच जळते. मुलांच्या हातातील ह्या गमतीचे थोरले भावंड म्हणजे घन इंधनाचा अग्निबाण होय.

इच्छापोरचा रस्ता पूर्वेकडे धुळे, जळगाव, अमरावती अशी गावे घेत नागपुरास जातो. त्या नागपूरच्या परिसरात ‘पिनाक’ अग्निबाण तयार होतात. त्यांच्या इंधनामागे पुण्याच्या पाषाण भागातील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेचे परिश्रम आहेत. १९०८ साली नैनितालला आरंभ झालेली ही संस्था पुढे पुण्यास स्थिरावली. १९९९ च्या कारगिल युद्धात पिनाक वापरला गेला, हे वाचकांस आठवत असेल.

अशा मोठ्या अग्निबाणांच्या घन इंधनात प्राणवायू पुरविणारा क्षार, रबरासारखा चिकट पदार्थ, आणि शंभरांत साधारण पंधरा ते वीस भाग अॅल्युमिनियमची पूड असते. ही पूड जळताना प्रचंड उष्णता देते. तिच्या जळण्यातून होणारे बारीक कण ज्वालेची घातक थरथरही काही अंशी शमवितात. परंतु अॅल्युमिनियम हा लहरी सेवक आहे. तो ६६० अंश सेल्सियसला वितळतो. त्यावरील ऑक्साइडचे कवच मात्र दोन हजार अंशांच्या वर जाईपर्यंत वितळत नाही. तोवर इंधनाच्या जळत्या पृष्ठावर शेजारचे कण एकमेकांस चिकटून मोठे थेंब होतात. कणांचा आकार मायक्रॉनच्या दशकांत असतो, तर थेंबाचा कधी शेकड्यांत. मोठा थेंब सावकाश जळतो, वायूच्या वेगाने धावू शकत नाही, आणि कित्येकदा पुरता न जळताच बाहेर फेकला जातो. कधी त्याची मळी आतच साचते. शक्ती वाया जाते, आणि गणित चुकते.

मग थेंब केवढा आहे, हे कळावे कसे? अडचण अशी, की ज्वाला स्वतःच डोळे दिपविते, आणि तिचा पांढरा धूर दृष्टी झाकतो. ह्यासाठी संशोधक जाड काचेच्या खिडक्या असलेल्या पोलादी कोठीत, दाबाखाली, इंधनाचा लहानसा तुकडा जाळतात. एका खिडकीतून लेसरचा एकरंगी प्रकाश आत सोडतात, आणि समोरच्या खिडकीपुढे अतिवेगवान कॅमेरा ठेवतात. कॅमेऱ्यासमोरची गाळणी केवळ लेसरचाच रंग आत येऊ देते. अशा रीतीने ज्वालेचे तेज अडते आणि थेंबाची सावली उमटते. इच्छापोरचा हिऱ्यांचा पारखीसुद्धा खडा उजेडात धरूनच त्यातील दोष शोधतो. परंतु त्याचा खडा चिमट्यात स्थिर असतो. येथे रत्न जळत आणि पळत असते!

सावलीतही एक उणीव राहते. कॅमेऱ्याच्या नेमक्या अंतरावर नसलेले थेंब अस्पष्ट दिसतात. तेव्हा डेनिस गॅबर ह्यांनी १९४७ साली कल्पिलेली होलोग्राफी उपयोगी पडते. तिच्यासाठी त्यांस १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. थेंबाला स्पर्शून आलेल्या आणि अस्पर्शित राहिलेल्या प्रकाशलहरींची एकमेकींत गुंतलेली नक्षी टिपून घ्यावयाची, आणि मग संगणकाकडून हव्या त्या अंतरावरचा थेंब स्पष्ट करून घ्यावयाचा. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१४ साली जळत्या इंधनातील अॅल्युमिनियमचे थेंब अशा रीतीने मोजून दाखविले.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. १३ मे २०२२ रोजी श्रीहरिकोट्यास गगनयानासाठी योजलेल्या घन इंधनाच्या एका अजस्र बाणाची जमिनीवर चाचणी झाली. त्यातील २०३ टन इंधन १३५ सेकंदांत जळाले. असा जाळ एकदा पेटला, की विझविता येत नाही. ज्या यानात माणसे बसणार, त्याच्या जाळाची पारख आधीच व्हावयास हवी, आणि ती अंदाजाने होऊन चालत नाही. आईबापांनी आपली लेकरे ज्या यंत्राच्या स्वाधीन करावयाची, त्यातील केसाएवढ्या जाडीच्या थेंबाचाही हिशेब कोणीतरी ठेवलेला असावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

आतषबाजीकडे आपण सारेच कौतुकाने पाहतो. परंतु जाळाच्या पोटातील एकेक ठिणगी धीराने न्याहाळणाऱ्यांवर पुढे कोणाचा तरी जीव विसंबून असतो. त्यांच्या त्या शांत, अप्रसिद्ध कामाची ओळख आमच्या वाचकांस व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.