किरणोपचारानंतरची खाज

वडोदऱ्याचा पावसाळा म्हणजे घामाच्या धारा. स्तनाच्या कर्करोगावर किरणोपचार घेऊन दांडिया बाजारातल्या घरी परतलेल्या बाईंना त्याचा त्रास दुप्पट. किरणांनी हुळहुळी झालेली स्तनाखालची घडी ओलसर राहते, लाल होते. कडेला बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर कँडिडा बुरशीचा संशय घ्यावा.

घरचं कुणी मायेनं ‘खाजेचं मलम’ आणतं. त्यात अनेकदा स्टिरॉइड असतं. लाली ओसरते, बुरशी फोफावते. किरणांच्या दाहावर डॉक्टरही स्टिरॉइड देतात, म्हणूनच गफलत होते. कातडी किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशी ओळखता येते. मग क्लोट्रिमॅझोलसारखं मलम पुरतं.



किरणोपचार झालेल्या त्वचेवर कुठलंही मलम डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लावू नका.