वीतभर रणगाड्याची सांवली

आमचें सुपा गांव नगरहून पुण्यास जाणाऱ्या सडकेवर, पारनेर तालुक्यांत आहे. (अहमदनगराचें नांव 2024 सालीं अहिल्यानगर झालें, आमच्या आजोबांच्या तोंडीं मात्र अद्याप 'नगर'च आहे.) डोंगरावर पवनचक्क्या फिरतात, खालून लष्करी गाड्या जातात, आणि त्या पाहण्यास आम्ही लहानपणीं हातांतील भाकरी टाकून धांवत असूं. त्या धांवण्याचेंच पुढें रणगाड्यांचे लहान नमुने जोडून रंगविण्याच्या छंदांत रूपांतर झालें. वाचकांपैकीं कित्येकांस हा पोरखेळ वाटेल. आमच्या घरींही तसेंच वाटत होतें.

आमचे आजोबा 1971 च्या युद्धांत सेंच्युरियन रणगाड्यांच्या दुरुस्तीच्या कामावर होते. आतां मोतीबिंदूमुळें त्यांस अंधुक दिसतें. त्यांचा गाडा पुन्हां त्यांच्या हातीं द्यावा, या हेतूनें आम्हीं 35 व्या हिश्शाचा सेंच्युरियन आणून जोडला. खरा गाडा सुमारें 50 टनांचा, आमचा वीतभर. हिरव्या रंगाचा एकसारखा हात देऊन तो मोठ्या ऐटीनें त्यांच्यापुढें ठेविला. त्यांनीं तो खिडकीशीं धरला, चाकांवरून अंगठा फिरविला आणि म्हणाले, "आरं, ह्यो गाडा न्हवं. साबणाची वडी हाय."

आम्हांस राग आला. रंग तर बरोबर होता!

कांहीं दिवसांनीं आम्ही नगरच्या रणगाडा संग्रहालयांत गेलों. चिलखती दलाचें केंद्र व शाळा नगरास 1948 पासून आहे आणि हें संग्रहालय 1994 सालीं उघडलें. पॅटन गाड्यावरून हात फिरविणारीं मुलें ओलांडून आम्ही सेंच्युरियनपुढें उभे राहिलों. भर दुपार होती. वरचा पत्रा उन्हानें पिवळट झाला होता, बाजू हिरवी होती, आणि चाकांच्या मागें तर हिरवा असा रंगच नव्हता, नुसता काळोख होता. एका डब्यांतला रंग, पण सूर्यानें त्याचे तीन केले होते. आमच्या खोलींत मात्र उजेड खिडकीनें, भिंतींनीं, छतानें, चोहोंकडून येतो. त्यांत वीतभर वस्तूची सांवली विरघळून जाते. म्हणून ती रंगानेंच घालावी लागते.

ही गोष्ट आमच्या गांवांतील गणपती रंगविणाऱ्या कारागिरास आम्हांपूर्वींच ठाऊक होती. सोंडेच्या वळ्यांत गडद रंग आणि उंचवट्यावर फिका, हें त्यांनीं आम्हांस एका संध्याकाळीं दाखविलें. आम्हीं गाड्यास प्रथम काळपट तांबूस अस्तर दिलें. त्यावर मध्यम हिरव्याचे पातळ हात दिले. परंतु सांधे, खांचा व चाकांचा माग सोडून, म्हणजे तेथें अस्तर डोकावत राहील असे. प्रत्येक हात वाळल्यावांचून दुसरा द्यावयाचा नाहीं. पुढचे हात अधिकाधिक फिके आणि अधिकाधिक आंखूड, केवळ पत्र्याच्या मध्यावर व वरच्या कडेस. पहिल्या खेपेस फिकेपणासाठीं आम्हीं पांढरा मिसळला, तों गाडा पीठ चाळल्यासारखा झाला. हिरव्यास उजळावयाचें तें पिवळ्यानें, हें त्या नुकसानींत शिकलों. मग व्हार्निश, आणि त्यावर टर्पेंटाईनमध्यें अगदीं पातळ केलेला गडद तपकिरी तैलरंग. कुंचल्याचें टोंक सांध्यास लाविलें कीं तो आपोआप रेघेरेघेनें धांवतो. शेवटीं कुंचला जवळजवळ कोरडा करून बोल्टांच्या डोक्यांवरून व कडांवरून हलकेच फिरविला. या शेवटल्या कामास दहा मिनिटें लागतात आणि तें आवरतें घेण्यास फार संयम लागतो.

तो आम्हांपाशीं नव्हता. 16 डिसेंबर 1971 रोजीं बसंतरच्या लढाईंत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आपला सेंच्युरियन पेटला असतांही तो न सोडतां लढत राहिले व पडले. त्यांचें वय 21 होतें. हें वाचून आमच्या कुंचल्यास चेव आला. बुरुजाच्या बाजूस आम्हीं काजळी काढली, काळ्यांतून करड्यांत विरत जाणारी. आमच्या मतें ती सर्वांत सुंदर जागा होती.

आजोबांनीं गाडा डोळ्यांजवळ नेला. या वेळीं त्यांस चाकें दिसलीं, मागचीं झांकणें दिसलीं. बोट न लावतां ते एकेकाचें नांव घेऊं लागले. आम्ही हर्षानें फुलून गेलों. मग ते काजळीपाशीं आले.

"हे काय?"

"लढाईंत जळाल्याचें."

बराच वेळ ते बोलले नाहींत. मग म्हणाले, "जळलेलं गाडं आम्ही वढून आणायचो, पोरा. आत काय असायचं, ते आम्ही बघितलंय. आन् काजळी आशी देखणी नसती. पुसून टाक."

आम्हीं टर्पेंटाईनचा बोळा घेतला. काजळीबरोबर खालच्या सांवल्याही निघाल्या. चार दिवसांचें काम अर्ध्या घटकेंत गेलें, आणि खरें सांगावयाचें तर तें पुसतांना आम्हांस आमच्या हर्षाचीच अधिक लाज वाटली. बुरूज पुन्हां अस्तरापासून रंगविला.

दुसऱ्यांदा दाखविला तेव्हां आजोबा खाटेवर बसले होते. त्यांनीं गाडा उलटा केला, इंजिनाच्या बाजूचा तळ खिडकीकडे धरला आणि नखानें एक सांधा दाखविला.

"हितनं तेल गळायचं. हितं डाग पाड."

आम्हीं तपकिरी रंगांत कुंचला बुडविला. "लई न्हाय," ते म्हणाले, "दोनच थेंब."