‘थांब’ म्हणणारा गुरू

शिष्याला ‘पुढे हो’ म्हणणारे गुरू आम्ही पुष्कळ पाहिले. ‘आता पुरे’ म्हणणारा विरळा. अमेरिकन मुष्टियोद्धा फ्रेडी रोच याला तसा गुरू लाभला होता. १९७५ साली मनिला येथे मुहम्मद अलीशी झुंजणाऱ्या जो फ्रेझियरला, त्याचे डोळे सुजून मिटत आलेले पाहून, शेवटच्या पंधराव्या फेरीसाठी ज्यांनी उठूच दिले नाही, ते एडी फच.

१९७८ साली व्यावसायिक रिंगणात उतरलेल्या रोचलाही त्यांनी वेळीच निवृत्त होण्यास सांगितले. त्याने ते मानले नाही. आणखी काही लढती देऊन १९८६ साली तो थांबला. पुढे कंपवाताने त्याला गाठले.

परंतु ज्यांचे ऐकले नाही, त्यांच्याच हाताखाली तो प्रशिक्षणाची विद्या शिकला. लॉस एंजेलिसमध्ये त्याने तालीम काढली. २००१ साली तेथे आलेल्या फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओला त्याने घडविले; आणि त्याचा उतार दिसला तर निवृत्तीचे आपणच सांगू, असेही तो बोलून दाखवी.

न मानलेला उपदेश वाया गेला, असे आम्हां शिक्षकांना वाटते. तो कधी कधी शिष्याच्या शिष्यासाठी जपून ठेवलेला असतो.