मेलो! पण अजून एक लाइफ आहे

मुलांनो, सुट्टीच्या दिवशी दुपारी कुठल्याही गल्लीतून चक्कर मारा. एखाद्या खिडकीतून हमखास आरोळी ऐकू येते, "मेलो रे, मेलो!" नवखा माणूस घाबरून धावतच सुटेल. पण घरातली मंडळी शांतपणे भाजी निवडत बसलेली असतात, कारण मेलेला मुलगा लगेच पुढे म्हणतो, "थांब, अजून एक लाइफ आहे."

मला या वाक्याची भारी गंमत वाटते. कारण आपली मराठी मरणाच्या, संपण्याच्या बाबतीत फार जपून बोलणारी. घरातून निघताना तुम्ही "जातो" म्हणालात तर आजी लगेच टोकते, "जातो नाही, येतो म्हण." देवापुढचा नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. आईची बांगडी फुटत नाही, वाढवते. मंगळसूत्र तुटत नाही, तेही वाढतं. दिवा विझवायचा नसतो, शांत करायचा किंवा मालवायचा असतो. आता हे 'वाढणं' काय प्रकरण आहे बघा. तुमची उंची वाढते, आई ताटात भात वाढते, आणि बांगडीचे दोन तुकडे झाले तरी ती वाढतेच! परभाषेतला पाहुणा आपलं मराठी शिकायला बसला तर इथे डोक्याला हात लावेल.

अशा घरात नातू दिवसातून पंचवीस वेळा "मेलो" म्हणतो. आजीने "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणून कपाळाला हात लावला तर तिचं काय चुकलं?

पण थांबा. आजीलाही एक प्रश्न विचारायला हवा. आजी, तू सोंगट्या खेळायचीस तेव्हा काय म्हणायचीस? "तुझी सोंगटी मेली"च ना? बुद्धिबळात घोडा मरतो, उंट मरतो. हुतूतूत तर गडी सरळ मरतो, बाजूला जाऊन बसतो, आणि त्याच्या बाजूने समोरचा गडी मारला की हा पुन्हा उठतो! म्हणजे मरून परत जिवंत व्हायची युक्ती काही व्हिडिओ गेमने शोधून काढलेली नाही. ती आपल्या मातीतही होतीच. फरक एवढाच की सोंगटी मरायची तेव्हा "सोंगटी मेली" म्हणत. पडद्यावरचं माणूस मेलं की आपण "तो मेला" नाही म्हणत, "मी मेलो" म्हणतो.

आणि ही 'लाइफ' आली कुठून माहीत आहे? १९७८ साली जपानमध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' नावाचा गेम आला. दुकानात एक मोठं यंत्र उभं असे. त्यात नाणं टाकायचं आणि वरून चालून येणाऱ्या परग्रहवासीयांना गोळ्या घालायच्या. खेळणाऱ्याला तीन संधी मिळत, तिसरी गेली की खेळ खलास, पुन्हा खेळायचं तर पुन्हा नाणं. हिशोब सरळ आहे. एकदाच मरून खेळ संपला असता तर गिऱ्हाईक चिडलं असतं, आणि कधीच मरण नसतं तर दुकानदार उपाशी राहिला असता!

मी तुमच्याएवढी होते तेव्हा टीव्हीला जोडायचे गेम मिळत. पिवळी कॅसेट असायची आणि तिच्यावर छापलेलं असायचं '९९९९९९ इन वन'. एवढे गेम! प्रत्यक्षात पाच-सहाच असत, तेच नाव बदलून फिरून फिरून यायचे. (हल्लीच्या जाहिराती बघून तुम्हाला हसू येतं ना? मग आमचंही भोळेपण समजून घ्या.) त्यातला मारिओ, म्हणजे १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स', आमचा लाडका. हिरवी अळंबी खाल्ली की त्याला एक लाइफ जास्त मिळायची. आम्ही चार भावंडं आणि रिमोट दोन. त्यामुळे लाइफ वाटून घ्यावी लागे. "दोन तुझ्या, एक माझी." यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी लाडवांवरून झाली नसतील.

आता मोबाइलवरच्या 'कँडी क्रश'मध्ये, तो २०१२ सालचा, पाच लाइफ असतात. त्या संपल्या की अर्ध्या तासाने एक परत येते. ज्याला धीर नाही त्याने पैसे मोजावेत. दुकान गेलं, यंत्र गेलं, नाणं काही गेलं नाही. पालकांनो, हे तुमच्यासाठी बरं का! मुलगा गेम खेळतो म्हणून ओरडण्याआधी तो गेम त्याच्याशी कसा खेळतोय, ते एकदा शेजारी बसून बघा.

बरं, या शब्दांना आपण मराठीत कसं नांदवतो तेही बघण्यासारखं आहे. 'लाइफ' ही ती. 'लेवल' पण तीच. 'गेम' मात्र कुणाच्या तोंडी तो, कुणाच्या तोंडी ती. माझ्या वर्गात यावरून दोन तट आहेत. इंग्रजीत यातल्या एकालाही लिंग नाही. तो आणि ती कुठल्या बाईंनी शिकवलं? कुणीच नाही. म्हणून लेवल आणि लाइफ आल्या तर मराठी बुडाली, असं मला वाटत नाही. विटीदांडूत वकट, लेंड, मूंड, नाल असं मोजतात. तेलुगूत एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. आहे की नाही जुळणी? खेळ असेच शब्द घेऊन फिरत असतात.

हे सगळं मी गमतीने सांगते आहे, पण या पावसाळ्यात 'मेलो' हा शब्द मला जड गेला. आमच्या शाळेतल्या चौथीच्या एका मुलाचे वडील वारले. दिवस झाल्यावर तो शाळेत आला. मधल्या सुट्टीत पटांगणावर मोबाइलमधलीच लढाई चालू होती. काठ्यांच्या बंदुका, तोंडाने ठो ठो, आणि "तू मेलास, बस खाली!" तो हापशाजवळ उभा राहून बघत होता.

शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली. हा खेळच बंद करा, असं एकाचं मत पडलं. मला ते पटलं नाही. मुलांना गप्प केलं असतं तर कुणामुळे गप्प केलं हे त्याला कळलंच असतं, आणि मग त्याच्याजवळ कुणी मोकळेपणी बोललं नसतं. दुसऱ्या दिवशी मी भाषेच्या तासाला ते नारळ वाढवणं, दिवा मालवणं काढलं. घरून असे शब्द शोधून आणा म्हटलं. मुलांनी पुष्कळ आणले. रात्री साप म्हणायचं नाही, 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणायचं, हे त्या मुलाने आणलं. त्याच्या आजीने सांगितलं होतं.

मग तीन-चार दिवस पटांगणावर "तू वाढलास, बस खाली!" असं चाललं. खूप हसली मुलं. पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा "मेलास"वर आली. मी खिडकीत उभी राहून ऐकत होते. त्यात एक आवाज त्याचाही होता, चांगला मोठ्याने. मी काही बोलले नाही, वह्या तपासत बसले.

त्याची धाकटी बहीण पहिलीत आहे. ती आता त्या लढाईत असते. 'लिंबूटिंबू' तुम्हाला ठाऊक आहे ना? खेळात असतो, पण ज्याच्यावर कधी राज्य येत नाही असा लहानगा. मोबाइलच्या गेममध्ये सोपी लेवल असते, पण लिंबूटिंबू नसतो, कारण ते दुसऱ्या मुलांनी ठरवायचं असतं. ही लिंबूटिंबू काठी सुद्धा उलटी धरते आणि सगळ्यांच्या मधून धावत सुटते. तिला दहा गोळ्या लागल्या तरी ती मरत नाही, असा तिथला नियम आहे.