पंपावरचा माणूस

परदेशप्रवास करून आलेली मंडळी बहुधा तिथली संग्रहालये, गगनचुंबी इमारती आणि स्वच्छ रस्ते यांविषयी लिहितात. व्यापारी कुटुंबात वाढलेल्या माणसाची नजर मात्र नकळत दुकानाकडे, गल्ल्याकडे आणि देण्याघेण्याच्या रीतीकडे वळते. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात भाच्याकडे काही आठवडे राहण्याचा योग आला, तेव्हा मला सर्वांत अधिक विचार करायला लावले ते तिथल्या पेट्रोल पंपांनी. पेट्रोलला तिकडे ‘गॅस’ म्हणतात आणि पंपाला ‘गॅस स्टेशन’.

न्यू यॉर्क आणि फिलाडेल्फिया या दोन महानगरांच्या मध्ये वसलेले हे लहानसे, पण दाट वस्तीचे राज्य. एडिसन आणि इसेलिन या भागांतून जाणाऱ्या ओक ट्री रोडवर साड्या, दागिने, फरसाण आणि किराणा यांची आपल्या लोकांची दुकाने इतकी, की क्षणभर आपण पुण्याच्या लक्ष्मी रोडवर उभे आहोत असे वाटावे. तिथून निघताना पेट्रोल भरण्यासाठी गाडी थांबली, तरी भाचा खाली उतरला नाही. त्याने इंजिन बंद केले, काच खाली केली आणि जवळ आलेल्या माणसाला तीनच शब्द सांगितले : ‘फिल, रेग्युलर, कॅश.’ टाकी पूर्ण भरा, साधे पेट्रोल, रोखीने.

या तीन शब्दांत तिथला बराचसा शिष्टाचार सामावलेला आहे. आपल्या वाहनाची टाकी ज्या बाजूला असेल, ती बाजू पंपाकडे करून थांबावे; बऱ्याच गाड्यांत इंधनाच्या काट्याशेजारी एक लहानसा बाण असतो, तो ही बाजू दाखवतो. रोख की कार्ड हे आधीच सांगावे, कारण पुष्कळ पंपांवर दोन्हींचे दर वेगळे असतात व ते फलकावर शेजारी शेजारी लिहिलेले असतात. काम होताच गाडी पुढे घ्यावी. मागच्याला तिष्ठत ठेवू नये. बक्षिशी देण्याची सक्तीची रीत नाही, पण कडाक्याच्या थंडीत किंवा भर पावसात काही जण डॉलर-दोन डॉलर त्या माणसाच्या हातावर ठेवतात.

‘आपणच उतरून का भरत नाही?’ असे मी विचारले. भाचा हसला. ‘मामा, इथे स्वतः पेट्रोल भरायला कायद्यानेच मनाई आहे.’

ही मनाई १९४९ सालची आहे. पंपावर नेमलेल्या कर्मचाऱ्यानेच पेट्रोल भरावे, असा तो कायदा. मोडल्यास पहिल्या वेळी ५० ते २५० डॉलर आणि पुढे ५०० डॉलरपर्यंत दंड. आगीचा धोका, वृद्ध आणि अपंग व्यक्तींची गैरसोय अशी कारणे त्याच्या समर्थनार्थ दिली जातात. परंतु कायद्याच्या जन्माची जी हकिकत सांगितली जाते, ती व्यापाऱ्याने ऐकावी अशीच आहे. हॅकेनसॅक येथे राउट १७ या हमरस्त्यावर आयर्विंग रेनगोल्ड नावाच्या गृहस्थाने २४ पंपांचे मोठे स्टेशन उघडले. इतरत्र गॅलनचा भाव २१.९ सेंट असताना त्याने १८.९ सेंट लावला. अट एवढीच, की गिऱ्हाइकाने आपले पेट्रोल आपणच भरावे. गाड्यांची रीघ लागली. शेजारचे पंपमालक हवालदिल झाले. भावात त्याच्याशी टक्कर देता येईना, तेव्हा त्यांनी विधिमंडळाचे दार ठोठावले आणि स्वतः पेट्रोल भरण्याची पद्धतच बंद करवली. गिऱ्हाइकाच्या सोयीच्या नावाने झालेल्या या कायद्याच्या मुळाशी स्पर्धकाला थोपवण्याची खटपट होती, हे विसरता येत नाही. दोनच वर्षांनी, १९५१ मध्ये, ओरेगॉन राज्यानेही असाच कायदा केला. तो २०२३ मध्ये शिथिल झाला आणि आता सबंध देशात अशी मनाई असलेले न्यू जर्सी हे एकच राज्य उरले आहे.

ट्रेंटन या राजधानीच्या शहरापाशी डेलावेअर नदीचा पूल ओलांडला, की पेनसिल्व्हेनिया राज्य लागते आणि रीत पार पालटते. तिथे पंपावर कोणी येत नाही. भाचा म्हणाला, ‘आता उतरायचं, मामा.’ त्याने आधी कार्ड यंत्राला दाखवले. यंत्राने राहत्या जागेचा पाच अंकी पोस्टाचा क्रमांक मागितला. आपल्याकडून गेलेल्या पाहुण्याचे कार्ड बहुधा याच टप्प्यावर अडते, कारण आपला पिनकोड सहा अंकी. मग आत दुकानात जाऊन आगाऊ पैसे भरावे लागतात. यंत्राची परवानगी मिळाल्यावरच नळीतून पेट्रोल येते. किती भरले जाईल हे यंत्राला आधी ठाऊक नसल्यामुळे काही वेळा प्रत्यक्ष खरेदीहून मोठी रक्कम, अगदी १७५ डॉलरपर्यंतही, कार्डावर तात्पुरती अडकवून ठेवली जाते व मागाहून मोकळी होते. येथील शिष्टाचारही निराळा : धूम्रपान करू नये, नळी टाकीत असताना गाडीत जाऊन बसू नये, आणि आत कॉफी घ्यायची असेल तर आधी गाडी पंपापासून दूर लावावी.

याच पेनसिल्व्हेनियाच्या दुसऱ्या टोकाला, पिट्सबर्ग शहरात, गल्फ कंपनीने १ डिसेंबर १९१३ रोजी गाडी आत आणून पेट्रोल भरता येईल असे स्टेशन खास त्यासाठी बांधून उघडले. भाव गॅलनला २७ सेंट. पहिल्या दिवशी विक्री झाली अवघी ३० गॅलन. हवा आणि पाणी मात्र फुकट. त्या काळी माणूस येई, पेट्रोल भरी, आणि पैसे नंतर घेई. १९२० च्या दशकात तेलकंपन्यांनी ओळखीच्या ग्राहकांना आपापली कार्डे दिली. म्हणजे महिनाअखेरीस हिशेब करण्याची उधारीच ती. १९६४ मध्ये कोलोरॅडोतील एका दुकानात गल्ल्यावरच्या माणसाला बसल्या जागेवरून पंप सुरू करता येऊ लागला आणि पंपापाशी उभ्या माणसाची गरज संपत चालली. १९८० च्या दशकात पंपावरच कार्ड घेणारी यंत्रे आली, तेव्हा गल्ल्यापर्यंत जाण्याचेही कारण उरले नाही.

आधी पेट्रोल आणि मग पैसे, हा क्रम उलटून आधी पैसे आणि मग पेट्रोल असा का झाला? पैसे न देता पळून जाणाऱ्या गाड्या हे त्याचे मोठे कारण. हे नुकसान केवळ पैशांचे नसते. शेजारच्या कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, २००५ साली सुमारे १२ डॉलरचे पेट्रोल भरून पळणाऱ्या गाडीला अडवताना पंपावरच्या एका तरुण कर्मचाऱ्याचा जीव गेला. त्यानंतर तेथे आगाऊ पैसे घेण्याचा कायदा झाला आणि तो त्या तरुणाच्याच नावाने ओळखला जातो. म्हणून यंत्राचा अविश्वास पाहून लगेच नाक मुरडू नये. काही ठिकाणी तो माणसाचा प्राण वाचवण्यासाठीच आला आहे.

तरीही व्यापारी म्हणून विचार केला, तर या सोयीत एक गोम आहे. पेट्रोलवर सुटणारा नफा थोडा, त्यातून कार्डाचे शुल्क जाते. म्हणूनच रोखीचा दर कमी ठेवला जातो. पंपाला खरा आधार असतो तो आतल्या दुकानाचा : कॉफी, खाऊ, थंड पेये. बाहेरच पैसे देऊन जाणारे गिऱ्हाईक आत पाऊल टाकत नाही. वेळ वाचला, पण ओळख तुटली आणि दुकानाचा धंदाही.

यंत्राच्या मर्यादाही संकटात दिसून येतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळले. वीज गेली, आणि जमिनीखालच्या टाक्यांत पेट्रोल असूनही ते वर काढता येईना. तेव्हा राज्यपालांनी १२ काउंट्यांत सम-विषम तारखांचा नियम लावला : गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा अंक सम असेल तर सम तारखेला, विषम असेल तर विषम तारखेला. १९७० च्या दशकातील तेलटंचाईतही हीच युक्ती योजली होती. रांगेत आपली पाळी धरून उभे राहणे हाच त्या दिवसांतला सर्वांत मोठा शिष्टाचार ठरला.

आता इतिहासाने घेतलेले वळण पाहावे. २०२२ मध्ये न्यू जर्सीत ग्राहकाला स्वतः पेट्रोल भरण्याची मुभा देण्याचे विधेयक आले, आणि त्याच्या बाजूने पंपमालकांची संघटना उभी होती. कारण, कामाला माणसे मिळत नव्हती. ज्या व्यवसायाने १९४९ मध्ये ही पद्धत बंद पाडली, तोच आता तिची मागणी करत होता. विरोध आला तो गिऱ्हाइकांकडून. रटगर्स विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या पाहणीत ७३ टक्के लोकांनी पेट्रोल दुसऱ्याने भरून द्यावे असेच सांगितले. विधेयक मागे पडले. स्पर्धकाला अडवण्यासाठी केलेल्या नियमाने लोकांना नकळत एका माणसाची सवय लावली होती, आणि ती सोडायला ते तयार नव्हते.

आपल्याकडे पंपावर माणूस अजून आहे. ‘झीरो बघा, साहेब’ असे तो म्हणतो, तेव्हा मापाची साक्ष तो गिऱ्हाइकालाच करतो. ट्रकमालकांच्या चिठ्ठ्या पंपावर जमा होतात आणि महिन्याने हिशेब मिटतो. म्हणजे उधारीचा तो जुना भरवसा आपल्याकडे अजून चालू आहे. मात्र २०१६ नंतर नोटांची जागा झपाट्याने क्यूआर कोडने घेतली. सुट्ट्या पैशांची कटकट मिटली, रोकड बाळगण्याचा धोका कमी झाला, हिशेब चोख झाला. हे सारे स्वागतार्हच आहे.

पण पैसे घेणे हे गल्ल्यावरच्या माणसाचे एकच काम कधी नव्हते. तो गिऱ्हाइकाला ओळखतो, अडलेल्याला वाट सांगतो, मापाची हमी देतो, चार दिवस थांबायचे की नाही हे चेहऱ्यावरून ठरवतो. आपल्या पेढ्यांवर आणि दुकानांत नवी यंत्रे आणताना मुलांनी ती जरूर आणावीत. फक्त ज्या माणसाला तिथून उठवायचे, तो दिवसभरात आणखी काय काय करत होता याची एकदा यादी करावी. उरलेली कामे कोण करणार हे ठरल्यावरच त्याची जागा रिकामी करावी. पैसे यंत्राने घेतले तरी चालते; ‘या, बसा’ मात्र माणसालाच म्हणावे लागते.